मातीच्या भिंती, पाळीचे पाणी

काझ्याच्या बाजारात उभे राहिले की स्पिती म्हणजे एक रस्ताच वाटतो. एका अंगाला भुसभुशीत करडा कडा, दुसऱ्या अंगाला गोट्यांनी भरलेले रुंद नदीपात्र आणि मधून धूळ उडवत जाणाऱ्या गाड्या. मुंबई-पुण्याकडून आलेली बहुतेक मंडळी हा रस्ता चार-पाच दिवसांत उरकतात. वाटेतले मठ बघतात, पाट्यांसमोर फोटो काढतात आणि कुंझुम खिंड ओलांडून मनालीकडे उतरतात. या कड्याच्या डोक्यावर काय आहे, याचा खालून अंदाज येत नाही. सातआठशे मीटर चढले की कडा संपतो आणि समोर लांबच लांब लहरती कुरणे पसरतात. मध्येच जवाचा आणि वाटाण्याचा हिरवा तुकडा दिसतो, त्याला चिकटून पंधरावीस पांढरी घरे. लांग्झा, हिक्कीम, कोमिक, डेमुल ही गावे या वरच्या माळावरची. त्यांना जोडणारी जुनी पायवाट पुढे लिंग्टी नदी ओलांडून ल्हालुंगला आणि तिथून स्पितीच्या जुन्या राजधानीला, धनकरला जाते. स्पितीचा वारसा बघायचा तर ही वाट पायी चालावी. मोटारीतून दिसतात ते फक्त मठ. मठ ज्यांच्या जिवावर उभे राहिले ती शेते, ते पाट आणि त्या घरांचे कायदे पायी चालणाऱ्यालाच दिसतात.

स्पिती हे थंड वाळवंट आहे. मोसमी ढग पीर पंजाल आणि मुख्य हिमालयाच्या रांगा चढता चढताच रिते होतात. पलीकडच्या या खोऱ्याला पाऊस जवळपास मिळतच नाही. जे काही पाणी आहे ते हिवाळ्यातल्या बर्फाचे. काझा सुमारे ३,६५० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. लांग्झा ४,४०० मीटरच्या आसपास. या उंचीवर एका श्वासात समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपासच प्राणवायू मिळतो. सह्याद्रीत दर रविवारी गड मारणाऱ्यांनाही इथे पहिल्या चढावर दर वीस पावलांनी थांबावे लागते, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाहौल-स्पिती जिल्ह्याच्या या भागात जेमतेम बारा हजारांच्या घरात माणसे राहतात.

सिमल्याकडून किन्नौरमार्गे येणाऱ्याला काझ्याआधी ताबो लागते, आणि तिथे मुक्काम केल्याशिवाय पुढे जाऊ नये. बाहेरून पाहिले तर ताबोचा मठ निराशच करतो. मातीच्या कुंपणाआड मातीच्याच काही बसक्या इमारती, ना सोनेरी कळस, ना रंगीत कमान. बुटक्या दारातून वाकून आत गेले की डोळ्यांना काही क्षण काहीच दिसत नाही. मग वरच्या झरोक्यातून पडणाऱ्या प्रकाशात भिंतीपासून सुटून पुढे झुकलेल्या, मांडी घालून बसलेल्या मूर्ती एकेक करून दिसू लागतात. मातीच्याच, माणसाएवढ्या, तीसहून अधिक. सभामंडपाच्या चारी भिंतींवर, डोक्याहून उंच जागी त्या बसवल्या आहेत; मध्ये चार दिशांना तोंड केलेला वैरोचन बुद्ध. हे वज्रधातू मंडल आहे. इतरत्र जे कापडावर किंवा रंगीत वाळूत आखतात ते इथे एका खोलीएवढे करून ठेवले आहे. आत शिरणारा माणूस आपोआप त्या मंडलाच्या मधोमध उभा राहतो.

मठाची स्थापना इसवी सन ९९६ ची. पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने तो उभारला आणि शेहेचाळीस वर्षांनी, १०४२ मध्ये, त्याच्याच घराण्यातल्या जांगछुब-ओ याने त्याचा जीर्णोद्धार केला, असे मंदिराच्या भिंतीवरचा लेखच सांगतो. याच जांगछुब-ओच्या बोलावण्यावरून विक्रमशीलेचे आचार्य अतिश तिबेटात गेले. येशे-ओबद्दल परंपरेत एक गोष्ट सांगतात. त्याने एकवीस तरुण बौद्ध ग्रंथ शिकायला काश्मीरला पाठवले. खालच्या मुलखातली उष्णता आणि रोगराई त्यांना मानवली नाही. परत आले फक्त दोघे. त्यांतला एक रिंचेन झांगपो (९५८-१०५५), तिबेटी बौद्ध जगातला थोर भाषांतरकार. संस्कृत ग्रंथ तिबेटीत आणता आणता त्याने काश्मीरमधून कारागीरही आणले, आणि पश्चिम हिमालयात एकशे आठ मंदिरे बांधवली अशी श्रद्धा आहे. आकडा अर्थातच पुण्याचा आहे, मोजणीचा नव्हे. पण या खोऱ्यातल्या कुठल्याही जुन्या देवळात 'हे कोणी बांधले?' असे विचारले की उत्तर एकच येते.

ताबोला 'हिमालयातले अजिंठा' म्हणायची पद्धत पडली आहे. पर्यटनाच्या पत्रकांना ते सोयीचे असले तरी मराठी माणसाला ते थोडे खटकते. अजिंठा बेसॉल्टमध्ये कोरलेले, ताबो माती चेपून उभारलेले. अजिंठ्याची उत्तम चित्रे पाचव्या शतकातली, ताबोची त्यानंतर पाचशे वर्षांनी काश्मिरी वळणाने काढलेली. अजिंठा ओस पडले, जंगलात हरवले आणि पुन्हा सापडले. ताबोत हजार वर्षे पूजा चालू आहे. खरे नाते आहे ते मातीच्या गिलाव्याचे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी भुसा-तंतू मिसळलेली माती खडकावर लिंपली, तर ताबोला गिलावाही मातीचा आणि मागची भिंतही मातीचीच. त्यामुळे दोन्हीकडच्या चित्रांचा शत्रू एकच, पाणी.

या चित्रांमध्ये पायी हिंडणाऱ्याने एक पट्टा निवांत पाहावा. मूर्तींच्या पायाशी, भिंतीच्या खालच्या भागात एकीकडे बुद्धाचे चरित्र आहे आणि दुसरीकडे सुधन नावाच्या श्रेष्ठीपुत्राची यात्रा. ही कथा गंडव्यूह सूत्रातली. ज्ञानाच्या शोधात निघालेला सुधन पन्नासहून अधिक गुरूंकडे जातो. त्यांत भिक्षू आहेत, राजे आहेत, तसाच एक खलाशी आहे, एक अत्तरवाला आहे आणि वसुमित्रा ही गणिकाही आहे. प्रत्येक जण आपल्याला ठाऊक असलेले तेवढे सांगतो आणि पुढच्याचा पत्ता देतो. कथेची सुरुवात होते ते धन्याकर नगर दक्षिणेतले. अमरावतीजवळचे धान्यकटक ते हेच, असे बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे कृष्णाकाठची पायपीट तीन हजार मीटरहून उंच वाळवंटातल्या एका अंधाऱ्या दालनात चौकटी-चौकटींनी रंगवलेली आहे. आत छायाचित्रे काढायला मनाई आहे. ते बरेच झाले, त्यामुळे लोक निदान बघतात तरी. बरोबर लहान विजेरी मात्र असावी.

१९ जानेवारी १९७५ ला किन्नौरमध्ये मोठा भूकंप झाला, ६.८ तीव्रतेचा. स्पितीतले बहुतेक मठ त्यात हादरले, ताबोच्याही काही वास्तूंना तडे गेले. पण मुख्य मंदिर उभे राहिले. पुढे १९८३ मध्ये आणि मठाला हजार वर्षे झाली तेव्हा १९९६ मध्ये दलाई लामांनी ताबोला कालचक्र दीक्षेचा सोहळा केला.

काझ्यात दोन दिवस नुसते बसून काढावेत. त्यात पाहण्यासारखे फारसे काही नाही, पण शरीराला उंचीची सवय होते. मग चढाला लागायचे.

लांग्झा दुरून ओळखू येते ते गावाच्या टोकाशी बसलेल्या बुद्धाच्या मोठ्या रंगीत मूर्तीमुळे. मूर्ती अलीकडची आहे. तिच्या पाठीमागे चाऊ चाऊ कांग निल्दा हे ६,३०३ मीटरचे शिखर. लोक फोटो काढतात ते या दोघांचे. खरी पुरातन गोष्ट मात्र पायाखाली असते. गावामागच्या ओढ्यात काळ्या ठिसूळ पाटीच्या दगडाचे थर उघडे पडलेत. त्यांतून मुठीएवढे गोल गोटे सुटून येतात. गोटा फुटला की आत शिंगासारखी वेटोळी उमटलेली असते, कडेने बारीक बारीक कंगोरे. हे ॲमोनाइट, म्हणजे समुद्री प्राण्यांचे जीवाश्म. हिमालय वर येण्याआधी इथे टेथिस समुद्र होता, त्याच्या तळाचा हा गाळ. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणारा मोराव्हियाचा फर्डिनांड स्टोलिच्का १८६४ मध्ये इथे हिंडला आणि या थरांना 'स्पिती शेल' हे नाव रूढ झाले; जगभरचे भूशास्त्रज्ञ आजही ते वापरतात. हा माणूस पायी हिंडणाऱ्यांच्या कुळातलाच. दहा वर्षांनी यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये तो वारला, तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती.

लांग्झात मुक्काम एखाद्या घरात होतो आणि स्पितीचे घर ही स्वतंत्रपणे पाहण्याची वस्तू आहे. खाली गुरे आणि चारा, वर माणसे. भिंती फळ्यांच्या साच्यात माती ठोकून थरावर थर चढवलेल्या, हातभर जाड. खिडक्या लहान, भोवती काळी चौकट रंगवलेली. छताला विलो आणि पॉपलरचे वासे, त्यांवर काटक्या, त्यांवर झुडपांचा थर आणि सर्वांत वर चिकणमाती. छताच्या कडेने सरपण आणि सुक्या झुडपांची रांग रचून ठेवलेली असते. मधल्या खोलीत पत्र्याचा तंदूर. म्हणजे रोट्यांची भट्टी नव्हे. स्पितीत शेगडीला तंदूरच म्हणतात. तिच्याभोवती जमिनीलगतच्या गाद्या आणि बुटकी रंगीत मेजे. थंडीत सगळे घर या एका खोलीत राहते, तिथेच जेवते, तिथेच झोपते. यजमानीण आधी मीठ आणि लोणी घातलेला चहा पुढे करते. पहिल्या घोटाला तोंड वाकडे होते, तिसऱ्या दिवशी तोच मागून घेतला जातो. मग जवाचे सत्तू, थुक्पा किंवा वाफवलेले तिंगमो आणि भाजी.

शौचालय पाहून शहरी पाहुणा बिचकतो. वरच्या मजल्यावर मातीची खोली, जमिनीत एक भोक आणि कोपऱ्यात माती-राखेचा ढीग व फावडे. पाणी नाही. विधी झाला की फावडेभर माती खाली लोटायची. वसंतात खालच्या दारातून हे सगळे खत होऊन निघते आणि शेतात जाते. इतक्या उंचीवर, इतक्या हलक्या जमिनीत जव पिकतो त्याचे एक कारण हे फावडे आहे. काझ्यातल्या हॉटेलांनी फ्लशचे संडास बांधले. थंडीत त्यांचे नळ गोठून बसतात, आणि शेतांना खत मिळत नाही ते वेगळेच.

जव पिकण्याचे दुसरे कारण म्हणजे पाणी, आणि ते चालता चालताच कळते. लांग्झाहून पुढची वाट बराच वेळ एका अरुंद पाटाच्या काठाने जाते. हीच कूल. वर, हिमनदीच्या तोंडाशी किंवा झऱ्यापाशी पाणी अडवायचे आणि दगड-मातीच्या पाटातून, उताराचा अंदाज घेत घेत, किलोमीटरच्या किलोमीटर वळवत गावापर्यंत आणायचे. काही कुली दहा किलोमीटरच्या आहेत, काही शतकानुशतके चालू आहेत. रात्री येणारे थोडेथोडके पाणी गावाजवळच्या तळ्यात साठते, सकाळी तोंड उघडून ते पाळीने शेतांना सोडतात. दरड आली, बर्फाने काठ ढासळला की दुरुस्ती गावाने मिळून करायची. पाण्यावर पहिला हक्क गाव वसवणाऱ्या जुन्या 'मोठ्या घरां'चा. इतरांनी त्यांच्याकडून पाणी घ्यायचे आणि बदल्यात अंगमेहनत द्यायची, नाहीतर पैसा. धुळे-नाशिककडे पांझरा-मोसमच्या काठी फड पद्धत पाहिलेल्या वाचकाला हे परके वाटणार नाही. बंधारा सगळ्यांचा, पाट सगळ्यांचा आणि पाळी मोडली की भांडण. समतेचे चित्र मात्र कोणी रंगवू नये. फडात काय आणि कुलीत काय, पाण्याच्या वाटपात गावातली उतरंड स्वच्छ दिसते.

स्पितीचा वारसाहक्कही याच पाण्याला बांधलेला आहे. जुन्या रिवाजाने घर, शेत आणि पाणी सगळे थोरल्या मुलाकडे जाते. त्याचे लग्न होऊन तो घराचा धनी झाला की आईवडील शेजारच्या लहान घरात राहायला जातात. धाकटे मुलगे मठात, लग्न न झालेल्या मुलींपैकी काही भिक्षुणी. जमीन कधीच तुकड्यांत वाटली गेली नाही, म्हणून ती पोटाला पुरली, आणि मठांना पिढ्यान्‌पिढ्या माणसे मिळत राहिली. ताबोच्या भिंतींवरच्या चित्रांमागे भक्ती आहे, राजाश्रय आहे, तसा हा घरगुती हिशेबही आहे. तो क्रूर होता हेही खरे. आता तो सैल पडलाय. गेल्या काही दशकांत हिरवा वाटाणा हे नगदी पीक आले; हिमाचलच्या खालच्या बाजारात वाटाणा संपतो तेव्हा स्पितीचा तयार होतो, त्यामुळे भाव मिळतो. धाकटी मुले शिकायला सिमला-चंडीगडला जातात, नोकऱ्या करतात, टॅक्सी चालवतात.

हिक्कीमला फार वेळ लागत नाही. इथले डाकघर १९८३ मध्ये सुरू झाले. सुमारे ४,४४० मीटरवरचे, आणि जगातले सर्वांत उंच म्हणून प्रसिद्ध. सकाळी दहा वाजल्यापासून गाड्यांची रांग लागते, लोक उभ्या उभ्या पोस्टकार्डे लिहितात. गंमत म्हणून ठीक आहे. पण या डाकघराने गावाला काय दिले ते पाहायला हवे. फोन नव्हते तेव्हा मठातल्या भिक्षूंची पत्रे आणि शेतकऱ्यांच्या बचतीची पासबुके या एका खोलीवर चालत होती, आणि टपालाची थैली काझ्याला पायी जात होती.

कोमिकची पाटी 'मोटाररस्त्याने जोडलेले जगातले सर्वांत उंच गाव' असा दावा करते, ४,५८७ मीटर. असे दावे दर काही वर्षांनी कुठेतरी मोडले जातात. इथे बघायचा तो तांग्युद मठ. खालून वर निमुळत्या होत गेलेल्या तिरक्या भिंती, त्यांवर उभे रंगीत पट्टे, किल्ल्यासारखा बंदिस्त आकार. हा साक्य पंथाचा. ताबो, धनकर आणि काझ्याच्या वरच्या अंगाचा प्रसिद्ध की मठ हे गेलुग पंथाचे, तर पलीकडच्या पिन खोऱ्यात कुंगरीचा मठ न्यिंगमा पंथाचा. एवढ्याशा लोकसंख्येत तीन पंथ. पण वाटेवरचे चोर्तेन (स्तूप) आणि मणी-भिंती, म्हणजे 'ओम मणि पद्मे हुम्' कोरलेल्या सपाट दगडांचे लांबट ढीग, कोणाच्याही वाटेत आले तरी नियम एकच. ते उजव्या हाताला ठेवून पुढे जायचे, आपल्या प्रदक्षिणेसारखे. पायवाटेला अशा भिंतीपाशी दोन फाटे फुटलेले असतात, एक जाण्याचा, एक येण्याचा. कोमिकच्या पाण्याच्या तुटवड्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत येत राहिल्या आहेत. हिवाळ्यात बर्फ कमी पडले की झरे आटतात, कुली कोरड्या राहतात आणि पेरणीच अडते.

कोमिक ते डेमुल ही या वाटेवरची सर्वांत मोठी चाल. दिवसभर माणूस भेटत नाही. उतारांवर भरल, म्हणजे निळ्या मेंढ्या, आणि मागे नजर ठेवून असलेला एखादा लांडगा किंवा हिमबिबट्या, जो जवळपास कधीच दिसत नाही. पूर्वेकडे लिंग्टी खोऱ्याच्या रांगा उघडतात. त्याच भागातल्या शिल्ला शिखराची कथा सांगण्याजोगी आहे. १८६० मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाचा एक खलाशी, म्हणजे मोजणीपथकातला मजूर, मोजणीचा बांबू खांद्यावर घेऊन शिल्लाच्या माथ्यावर चढला. त्या वेळच्या मोजणीने शिखराची उंची २३,०५० फूट, म्हणजे ७,०२५ मीटर ठरली होती. त्यामुळे माणसाने गाठलेल्या सर्वांत मोठ्या उंचीचा मान कित्येक वर्षे या खलाशाकडे होता. पुढे फेरमोजणी झाली, उंची ६,१३२ मीटर निघाली आणि विक्रम गेला. त्या खलाशाचे नाव कोणत्याच कागदात नोंदलेले नाही. विक्रम गेला याचे फार वाईट वाटायला नको, पण नावाचे वाटते. या लिंग्टी खोऱ्यात १९८३ मध्ये मुंबईचे गिर्यारोहक हरीश कापडिया आणि त्यांचे सोबती हिंडले. स्पितीवरचे कापडियांचे पुस्तक पुढे १९९६ मध्ये आले.

डेमुल एका मोठ्या कुरणाच्या खोलगट भागात वसले आहे. इथे पाहुण्याने आपल्या पसंतीचे घर निवडायचे नसते. ज्याची पाळी त्याच्याकडे मुक्काम. ज्या गावाला पाणी पाळीने वाटायची सवय आहे, त्याने पर्यटकही पाळीने वाटून घेतले. सुंदर खिडकीचे घर, रस्त्याजवळचे घर, इंग्रजी बोलणाऱ्या मुलाचे घर असा भेद त्यामुळे राहत नाही. काझ्यात हॉटेलांची चढाओढ पाहून आलेल्याला ही व्यवस्था जास्त शहाणपणाची वाटते, आणि ती आहेच. संध्याकाळी याक आणि चुरू, म्हणजे याक-गाईचा संकर, गावाकडे परततात तेव्हा प्रत्येक जनावर न चुकता आपल्याच दारात वळते.

डेमुलहून वाट लिंग्टीच्या पात्राकडे उतरते आणि पलीकडे पुन्हा चढून ल्हालुंगला येते. जुनी विलोची झाडे असलेले हे हिरवे गाव. गावाच्या डोक्याशी सेरखांग नावाचे छोटे देऊळ आहे, तेही रिंचेन झांगपोच्या नावावर. बाहेरून गोठा म्हणून खपेल असे. आत भिंतींवर मातीचे देव एकमेकांना खेटून बसलेत, प्रभावळींच्या वेलबुट्टीसह, नंतरच्या रंगांनी थोडे भडक झालेले. ताबोत शिस्त आहे, इथे दाटी आहे. किल्ली गावातल्या कोणाकडे तरी असते. ती शोधायला घरोघर विचारत फिरावे लागते, त्यात अर्धे गाव ओळखीचे होऊन जाते.

धनकर शेवटी यावे. स्पिती आणि पिन नद्यांच्या संगमावर, झिजून सुळक्यांसारख्या झालेल्या कड्यावर मठ आणि किल्ल्याचे अवशेष लोंबकळल्यासारखे उभे आहेत. ही स्पितीची जुनी राजधानी. इथल्या कारभाऱ्याला नोनो म्हणत. १८४६ नंतर स्पिती इंग्रजांकडे आले, पण त्यांना इथे साहेब बसवण्यात रस नव्हता. १८७३ च्या स्पिती रेग्युलेशनने त्यांनी न्यायनिवाड्याचे आणि साऱ्याचे अधिकार नोनोकडेच ठेवले. मठाच्या खालचा कडा म्हणजे गोटे आणि माती यांचा कच्चा लगदा आहे, दर पावसात तो थोडा थोडा सुटतो. २००६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धनकरचे नाव जगातल्या धोक्यात आलेल्या शंभर वास्तूंच्या यादीत घातले. भिक्षूंसाठी नवा मठ शेजारी बांधला गेलाय. गावावरून तासभर चढले की धनकरचे तळे लागते.

या वाळवंटात पाऊस आता पूर्वीसारखा दुर्मीळ राहिलेला नाही, ही चिंतेची बाब आहे. मातीच्या सपाट छतावरून कोरडे बर्फ लाकडी फावड्याने लोटून देता येते. धो धो पाऊस लोटता येत नाही. तो चिकणमातीच्या थरातून झिरपतो, वासे कुजवतो आणि ताबोसारख्या ठिकाणी थेट हजार वर्षांच्या चित्रांवर ओघळतो. यावर गावांनी शोधलेला उपाय म्हणजे पत्रा आणि सिमेंट. पत्र्याखालचे घर थंडीत गोठते, सिमेंटच्या घराला दुप्पट सरपण लागते. पण दर दोन-तीन वर्षांनी छतावर नवी माती टाकायला घरात हात उरले नाहीत, तर सिमेंट घेणाऱ्याला दोष देणे पाहुण्यांना शोभत नाही. २०१५ पासून भारताच्या थंड वाळवंटाचा सांस्कृतिक प्रदेश जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये इथले शीत वाळवंट जैवावरण क्षेत्र युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात सामील झाले. मानाचे शिक्के मिळाले. छतावर माती टाकणाऱ्या कुशल हातांची मजुरी कोण देणार, हा प्रश्न यादीत येत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंतचा काळ या वाटेला योग्य. ऑगस्टच्या सुरुवातीला वाटाण्याची तोडणी असते, तेव्हा गावे गजबजलेली असतात. सिमला-किन्नौरकडून, हळूहळू उंची वाढवत यावे. मनालीहून कुंझुममार्गे एका दिवसात आलेल्यांची डोकी दुखतात आणि काहींना परत फिरावे लागते. रिकाँग पिओहून काझ्यासाठी हिमाचल परिवहनची बस आहे. भारतीयांना परवाना लागत नाही. वाट दाखवायला स्थानिक माणूस सोबत घ्यावा, कारण धुके उतरले की कुरणावरच्या पायवाटा हरवतात. रोख रक्कम जवळ ठेवावी, वरच्या गावांत दुसरे काही चालेलच असे नाही. मुक्कामाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. छतावरची नवी माती त्यातूनच पडते. आणि लांग्झात पोरे हातात ॲमोनाइट धरून पुढे आली, तरी ते विकत घेऊ नयेत.